वापरायची गाडी आणि जपायची गाडी

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की नोकरी, पगार आणि मुलांचे मार्क यांवर बोलायचं नाही. अट चांगली आहे, फक्त तिने आपल्यातल्या निम्म्या लोकांचे विषय संपवले. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढं सांगून तो विषय सोडते. ग्रुपवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. "तुझ्याकडे मर्सिडीज आहे म्हणे, मग दर फोटोत ती पांढरी वॅगनआर का?" कुणी मला कंजूष म्हणालं, कुणी म्हणालं, मर्सिडीज ही नुसती अफवा आहे. आज एकदाच सविस्तर उत्तर देते.

मर्सिडीज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी चकचकीत गाडी येते, ती ही नव्हे. माझी ई-२२० आहे, १९९६ ची, म्हणजे आपल्या दहावीच्या निकालाइतकी जुनी. जाणकार या बनावटीला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनीत ती १९८४ च्या अखेरीस आली आणि जगभरात अशा पंचवीस लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. आपण नववी-दहावीत होतो तेव्हा, १९९५ मध्ये, मर्सिडीजने भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती याच मॉडेलने, आणि तीही पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. २१९९ सीसीचं इंजिन, चौदाशे किलोंच्या आसपास वजन, आणि पुढच्या काचेला एकच वायपर. हा वायपर नुसता अर्धगोल फिरत नाही. काचेच्या कोपऱ्याकडे जाताना हात लांब करतो आणि मधे येताना आखडून घेतो. सिग्नलला थांबले की मी अजूनही तो बघत बसते.

२०१३ मध्ये मी ती घेतली, तिची तिसरी मालकीण म्हणून, त्या वेळच्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत. माझे बाबा एस.टी.च्या कार्यशाळेत होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी आधी बॉनेट उघडलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाताला जागा आहे." हल्लीच्या गाड्यांत एक नट सोडवायला चार गोष्टी काढाव्या लागतात, हिच्यात हात सरळ जातो. मेकॅनिकने गाडीला दिलेली याहून मोठी पावती मला माहीत नाही. पुढची सहा वर्षं ते महिन्यातून एकदा साताऱ्याहून पुण्याला यायचे. सांगायचे, नातीला भेटायला आलोय. नातीला भेटून झालं की तासाभरात खाली पार्किंगमध्ये. २०१९ मध्ये बाबा गेले. त्यांची पान्यांची पिशवी अजून डिकीत आहे.

२०२२ मध्ये आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली आणि गाडीचं काम बदललं. आठवड्यातून तीनदा आईच्या गुडघ्याची फिजिओथेरपी, घरापासून तीन किलोमीटरवर. मग बँक, भाजी, मुलीचा क्लास, औषधं. दिवसातून सहा वेळा गाडी सुरू करायची आणि दहा मिनिटांत बंद करायची. महिन्याचे किलोमीटर मोजले तर फार नव्हते, पण गाडी थकत होती.

याचं कारण आपण विज्ञानाच्या तासाला शिकलो आहोत. पेट्रोल हे हायड्रोकार्बन. ते जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी! इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ते वाफ होऊन निघून जातं. पण तीन किलोमीटरवर गाडी बंद केली की तेच पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजतो. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. त्यातलं थोडं न जळता पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइल नीट तापलं तर ते उडून जाईल, पण तापायच्या आत आपण किल्ली काढलेली असते. बॅटरीचंही तेच, सुरू करताना जेवढी खर्च झाली तेवढी भरायला वेळच मिळत नाही. त्यावर आपले स्पीडब्रेकर, खड्डे आणि मंडईतल्या हातगाड्या.

संगणकातही हाच प्रकार आहे. ज्या चिपवर आपले फोटो साठतात, तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. शंभरदा थोडं थोडं लिहिलं तर ती लवकर झिजते. तेच एकत्र करून एकदा लिहिलं तर बराच काळ टिकते. म्हणून सतत बदलणारी माहिती आम्ही आधी दुसरीकडे झेलतो. मला गाडीसाठी तसं झेलणारं काहीतरी हवं होतं.

स्कूटरवर आईला बसता येत नाही. रिक्षा आम्ही वापरतो, पण जुलैच्या पावसात दवाखान्याच्या दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या बाईला तिसरा रिक्षावाला 'नाही' म्हणाला की पुढचं बोलायला नको. विजेवरची गाडी मनात होती, पण आमच्या सोसायटीत तेव्हा चार्जिंगची सोय नव्हती. राहिली जुनी, साधी, पेट्रोलची छोटी गाडी.

मी चार अटी लिहिल्या. आईला वाकावं किंवा चढावं लागू नये. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळावेत. ओरखडा पडला तरी रात्री मला झोप लागावी. आणि चौथी अट, जिच्यावरून घरात वाद झाला : ब्रेकला एबीएस आणि पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग हव्यातच.

वाद असा की कामाचीच गाडी घ्यायची तर दीड लाखातली, बारा-पंधरा वर्षं जुनी का नको? ठोकली तर ठोकली. पण ठोकली तर आत कोण असणार? आई आणि मुलगी. आपण ज्या गाडीला जपतो तिच्यात महिन्यातून दोनदा बसतो, आणि जिला जपत नाही तिच्यात घरची माणसं रोज बसतात. त्यामुळे काटकसर करायची तर रंगावर करा, सीट कव्हरवर करा, म्युझिक सिस्टीमवर करा. ब्रेक आणि टायर यांवर नको. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. म्हणून मी २०२१ च्या आधीच्या गाड्या यादीतून काढून टाकल्या.

शेवटी सव्वाचार लाखांत २०२१ ची वॅगनआर मिळाली. उंच छप्पर, सीट कमरेच्या उंचीला. आई आधी पाठ करून टेकते आणि मग पाय आत घेते, कुणाचा हात लागत नाही. मर्सिडीजमध्ये ती सोफ्यात बुडाल्यासारखी बसते आणि बाहेर काढायला दोघं लागतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी, मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. आर.सी. वर बँकेचा बोजा आहे का ते बघा; असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आणि ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, आपल्याला पटलेल्या रंगावर त्याचं मन जडलेलं नसतं.

आता हिशेब, कारण गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. दुसरी गाडी घेतल्याने पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर त्याला कागदावर मांडायला लावा. २०२२ च्या दरांनुसार नुसता थर्ड पार्टी विमा वॅगनआरचा वर्षाला २,०९४ रुपये आणि मर्सिडीजचा ७,८९७. आता दोन्ही भरायचे, वर कर वेगळा. दोन पीयूसी, दोन सर्व्हिसिंग, सोसायटीत दुसऱ्या पार्किंगचं भाडं. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी जुन्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, तपासणीसकट. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली होती. मी तीन वर्षांचा हिशेब ठेवला आहे. पैसे वाचलेले नाहीत.

मग वाचलं काय? १९९६ च्या गाडीच्या भागांची किंमत हा तितकासा मोठा प्रश्न नसतो, भाग मिळणं हा असतो. वॅगनआरचा मागचा दिवा फुटला तर तासाभरात दुसरा बसतो. मर्सिडीजचा फुटला तर महिनाभर शोध घ्यायचा, आणि मिळाला तरी रंग जुळेल याची खात्री नाही. बाबांनी हाताने बसवलेले पाइप, त्यांनी खूण करून ठेवलेला एक बोल्ट, हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. सव्वाचार लाख मी त्यासाठी दिले.

इथे आईचं आणि माझं मात्र पटलं नाही. तिच्या दृष्टीने ती 'तुझ्या बाबांची गाडी'. वॅगनआर आली त्या आठवड्यात ती म्हणाली, "आता हिच्यावर कव्हर घाल आणि राहू दे." आपल्या आयांची ही पिढी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. शोकेसमधला कपबशांचा सेट पाहुण्यांसाठी, पैठणी कपाटात डांबराच्या गोळ्यांत, सोफ्याचं प्लास्टिक दहा वर्षं तसंच. कमी पैशांत घर चालवलेल्या बाईसाठी जपणं म्हणजे झाकून ठेवणं. त्यात काही चूक नाही. माझ्या शिक्षणाचे पैसेही तिने तसेच झाकून ठेवले होते.

पण गाडी कपबशी नाही. उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, ब्रेकच्या चकत्या गंजतात, सील वाळतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी फिरो न फिरो, ते दर दोन वर्षांनी बदलायचं. आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. तेही ओलावा ओढतं, आणि १९९६ च्या गाडीचे रबरी पाइप ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. ते मी बदलून घेतले, आणि टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवत नाही. त्यावर उंदीर. कव्हरखालच्या उबदार अंधाराइतकी त्यांना आवडणारी दुसरी जागा नाही. 'रोज पाच मिनिटं जागेवर सुरू करून ठेवा' हा सल्लाही ऐकू नका. मगाशी सांगितलेलं लिटरभर पाण्याचं गणित तिथेही लागू आहे.

म्हणून मी आईला म्हटलं, हिला भाजीला नेणार नाही हे कबूल, पण हिला साताऱ्याला नेणार. महिन्यातून दोन रविवार. ती पहिल्यांदा तयार होईना. मग एकदा आली. खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर जाऊन स्थिर झाला, इंजिनाचा आवाज बदलला आणि आई मागून म्हणाली, "आता बरी चालली." बाबा हेच वाक्य म्हणायचे. तिला ते आठवलं असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. तेव्हापासून रविवारी सकाळी तीच आधी तयार असते. कव्हर वॅगनआरच्या डिकीत आहे. भाजीच्या पिशव्या सांडू नयेत म्हणून खाली अंथरलंय.

आपण सगळे आता पंचेचाळिशीत आहोत. प्रत्येकाकडे असं काहीतरी असेल, वडिलांचा तंबोरा, सासूबाईंचं शिवणयंत्र, गावचं घर. त्याला रोजच्या धबडग्यात झिजवू नका, त्यासाठी साधं, स्वस्त, भरवशाचं काहीतरी आणा आणि त्या साध्या वस्तूचंही तेल-पाणी वेळेवर करा. पण जपलेल्या वस्तूला तिचं काम करू द्या. घराचं दार उघडा, तंबोरा लावा.

दहा मिनिटं संपली. मर्सिडीज अफवा नाही, बाहेर आंब्याखाली उभी आहे. जेवणानंतर ज्यांना चक्कर मारायची असेल त्यांनी चपला झटकून बसावं. मागची डावी जागा मात्र आईची आहे, तेवढी सोडा.