चालीवरची सुवर्णपदकं

घोड्यांच्या स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौखूर उधळलेला घोडा येतो. इंग्लंडच्या सोफी ख्रिश्चनसनचा घोडा स्पर्धेत फक्त चालायचा. त्या चालीवर तिनं पॅरालिम्पिकची आठ सुवर्णपदकं मिळवलीत.

सोफीचा जन्म 1987चा, दोन महिने आधी झालेला. स्नायूंवर ताबा राहू न देणारी सेरेब्रल पाल्सी जन्मापासूनची. सहाव्या वर्षी तिला घोड्यावर बसवलं ते व्यायामोपचार म्हणून, पदकांचा विचार तेव्हा कोण करतो! सोळाव्या वर्षी, 2004 साली, अथेन्सला तिनं कांस्यपदक घेतलं. पुढे बीजिंगला दोन सुवर्ण, लंडनला तीन, रिओलाही तीन.

तिच्या खेळाचं नाव ड्रेसाज. रिंगणात ठरवून दिलेल्या हालचाली घोड्याकडून करून घ्यायच्या आणि परीक्षकांनी त्या हालचालींना गुण द्यायचे. सर्वाधिक अपंगत्व असलेल्यांच्या गटात सारं चालीवरच असतं. हे सोपं वाटतं ना? पण घोडा स्वाराची मांड, लगामाचा ताण, पायाचा हलकासा दाब ओळखून वळतो, थांबतो. आणि इथे सोफीचे स्नायू तिच्या ताब्यात नाहीत, हात मध्येच झटका खातो. हा हुकूम की नुसताच झटका, हे घोड्याला कळायला हवं. ते कळेपर्यंत घोडा आणि स्वार दोघांचाही कस लागतो. मला तर पदकापेक्षा हेच मोठं वाटतं.

खोगीर आणि लगाम स्वाराच्या गरजेप्रमाणे बदलून घ्यायला या खेळात मुभा आहे. त्याला कोणी मेहेरबानी म्हणत नाही. पण रिंगणाबाहेर?

सोफी गणितातली पदवीधर, तीही पहिल्या वर्गात. लंडनमध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेत ती नोकरीला लागली. कामावर जायचं ट्रेननं. व्हीलचेअर उतरवायला फलाटावरून रॅम्प लावावा लागतो, आणि तो घेऊन कोणी आलंच नाही म्हणून ती डब्यात अडकून राहिली. गप्प न बसता तिनं हे चारचौघांत मांडलं. रेल्वेची मदत हवी तर आधी नोंदवून ठेवा, अशी तिथली रीत होती. आता ऑफिसातली मीटिंग लांबली आणि नोंदवलेली गाडी चुकली, तर काय करायचं? बाकीचे पुढची गाडी पकडतात. तिला तेवढंच हवंय.