खटखट कुठून येते?

खडबडीत रस्त्यावर गाडी हळू चालवताना पुढच्या चाकाकडून ‘खटखट’ ऐकू येते? शॉकअब्सॉर्बर बदलण्याआधी लिंक रॉड तपासायला सांगा. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. बोटभर जाडीची ही दांडी अँटिरोल बारला शॉकअब्सॉर्बरशी, काही गाड्यांत खालच्या आर्मशी जोडते. घाटातल्या वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की तिला आवरण्याचं काम हा बार या दांड्यांच्याच जोरावर करतो. बहुतेक लिंकच्या दोन्ही टोकांना ग्रीस भरलेले बॉल जॉइंट असतात. त्यांवरचा रबरी बूट फाटला, की चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस निघून जातं आणि सांधा खिळखिळा होतो. पावसाळा सरला की हे बूट बघून घ्याच. लिंक बदलायची तर डावी-उजवी जोडीनं, आणि नटही नवेच.