मित्राच्या दुःखाजवळ
(धर्मग्रामाच्या युवकसभेपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं हा विषय कांहींना विसंगत वाटेल. परंतु आनंदाच्या गर्दींतच दुःखी माणूस अधिक एकटा पडतो, म्हणून बोलतों.

संदेष्टा एलीया जीवास विटून रानांत एका झुडपाखालीं बसला व देवाजवळ मरण मागूं लागला. देवदूतानें त्यास दटाविलें नाहीं. स्पर्श केला, भाकर व पाणी पुढें ठेविलें, आणि तो पुन्हां निजला तेव्हां दुसऱ्यांदा आला. मित्रधर्म तो हाच.

तुमच्या सोबत्यानें किंवा भावंडानें ‘मी नसलेलाच बरा’ असें म्हटलें, आवडत्या वस्तु वाटून टाकिल्या, अन्न व झोप सोडिली, तर तें थट्टेवारी नेऊं नका. जवळ बसा व स्पष्ट विचारा, ‘जीव देण्याचा विचार तुझ्या मनांत येतो काय?’ विचारल्यानें तसा विचार मनांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट मनावरील भार हलका होतो. मग ऐका. ‘तुला काय कमी आहे?’ असें म्हणूं नका.

तो म्हणेल, ‘कोणास सांगूं नकोस.’ हें वचन देऊं नका. पापनिवेदनाचें गुपित आम्हां धर्मगुरूंस बांधितें; मित्रास तें बंधन नाहीं. रुसलेला मित्र परत मिळतो, गेलेला मिळत नाहीं. वडील माणसास, शिक्षकास किंवा डॉक्टरास सांगा. धोका जवळ दिसल्यास त्यास क्षणभरही एकटें सोडूं नका, आणि इजा करण्याजोग्या वस्तु वडिलांकडून दूर करवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य आहे.

घरचीं माणसें लाजेनें गप्प बसतात. १९१७ च्या धर्मसंहितेनें जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारिलें होतें. १९८३ च्या संहितेंत तें कलम नाहीं. १९९२ चा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो कीं, तीव्र मनोव्यथेनें मनुष्याची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा आपण सोडूं नये. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखालीं होता असें सामान्यतः गृहीत धरितो व त्यास शिक्षा करीत नाहीं. मग लपवावें तें कशासाठीं?

शेवटीं तुमच्याविषयीं. हा भार एकट्यानें वाहूं नका. तुमचेंही मन थकतें. तारणारा एकच आहे. तुम्ही त्याचे निरोपे आहां. प्रभु तुम्हांस ऐकण्याचे कान आणि सांगण्याचें धैर्य देवो.