ठासणीच्या बंदुकीचा नेम

(तळोदें तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकींत केलेलें भाषण)



शाळामास्तरानें बंदुकीवर बोलावें हें कांहींना चमत्कारिक वाटेल. परंतु रात्रभर माळ्यावर जागून आलेला पोर पाढे म्हणतां म्हणतां झोंपूं लागला, कीं मास्तरालाहि शेताची वाट धरावी लागते. डोंगराच्या कडेला रात्रीं जनावरें उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत दोन रात्रींत जाते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मग घरांतला तरुण आढ्याकडे पाहतो. तेथें आज्याची ठासणीची बंदूक असते. नेम धरून एक हरीण पाडलें कीं बाकीचा कळप फिरकणार नाहीं, असें तो म्हणतो. त्या नेमाविषयींच आज बोलावयाचें आहे.

ही बंदूक तोंडाकडून भरावयाची. आधीं दारू, मग चिंधींत गुंडाळलेली गोळी, मग गजानें ठासणें. जुन्या नळ्या बहुधा आंतून गुळगुळीत. गोळी सहज आंत जावी म्हणून ती नळीपेक्षां जरा लहान ठेवावी लागते. बार उडाला कीं ती नळीच्या अंगाला आदळत बाहेर पडते, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल तशी गिरकी घेऊन वाट सोडते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यानें १७४२ सालीं पुस्तक लिहून हें उलगडून दाखविलें. चिंधी घट्ट बसली तर दोष कमी होतो, जात नाहीं. त्यांत आमची संवय अशी, कीं दारू मुठीच्या अंदाजानें घालावयाची! आज चिमूटभर जास्त, उद्यां कमी. मग गोळी एकदां वर, एकदां खालीं. दारू वाढविली कीं नेम सुधारतो ही समजूत तर खोटी आहेच, शिवाय जुनी नळी फुटून हात गमावण्याची ती वाट आहे. दोन बारांनंतर नळींत काजळी धरते, ती ओल ओढते, आणि पुढची गोळी पहिलीसारखी बसत नाहीं. घोडा पडणें आणि बार उडणें यांतहि जरा वेळ जातो. तेवढ्यांत जनावर हललेलें असतें.

चाळीस पावलांवर मुरलेला हात गोळी बसवील. शंभर पावलांवर सगळा नशिबाचा खेळ, आणि हरणाचें मर्मस्थान तर जेवणाच्या ताटाएवढेंहि नसतें.

खरा नेम हवा तर नळीला आंतून पेंच पाडावे लागतात, म्हणजे गोळी भोंवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. १८५३ ची एन्फील्ड बंदूक तशी होती. पुढें १८५७ चा उठाव झाला, आपल्या सातपुड्यांत खाज्या नाईक लढला. त्यानंतर हिंदी शिपायांसाठीं १८५८ सालीं दिसायला तशीच, पण गुळगुळीत नळीची बंदूक काढण्यांत आली. बंदूक हातांत दिली, नेम काढून घेतला! १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ती बाळगायलाहि परवाना लागूं लागला. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जोतीराव फुल्यांनीं सरकारला बजाविलें, कीं डुकरें मारण्यास शेतकऱ्याला बंदुका द्या, नाहींतर पिकाचें नुकसान भरून द्या. पीक राखण्यासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळावा, हें १९५९ च्या कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं आलें. अर्धें मागणें ७६ वर्षांनीं कागदावर चढलें म्हणावयाचें.

परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं आज हरणाची शिकार बंद आहे. परवाना असला तरी चितळ, सांबर, भेकर यांच्यावर तो चालत नाहीं. कायदा शहरांत बसून केला, अशी तक्रार आम्ही ऐकतों, आणि ती सगळीच खोटी नाहीं. तरी आमच्या आज्याची गोष्ट सांगतों. कायदा येण्यापूर्वींची ती. चांदण्यांत बांधावरून त्यानें चितळावर बार टाकला. अंतर असेल शंभर पावलें. गोळी पोटांत लागली. रक्ताच्या मागावर तो पहांटेपर्यंत हिंडला, माग खडकांत हरवला. तिसऱ्या दिवशीं नाल्यांत गिधाडें उतरलीं तेव्हां जनावर कोठें पडलें तें कळलें. मांस हातीं लागलें नाहीं, आणि हरभरा दुसऱ्या कळपानें खाल्लाच. आजा नेमबाज म्हणून गांवांत नांवाजलेला होता बरें! गुळगुळीत नळीपुढें त्याचें नांव काय करणार?

तेव्हां तरुणांनो, ती बंदूक विनापरवाना असेल तर वडिलांना सांगून पोलिसांकडे जमा करा. रानडुकराचा उपद्रव असेल तर वनखात्याकडे लेखी परवानगी मागतां येते. हरणांनीं पीक खाल्लें तर भरपाईचा अर्ज आहे. जोतीरावांच्या मागण्याचें तें दुसरें अर्धें. मात्र तो नुकसान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं द्यावा, आठवड्यानें गेल्यास पंचनाम्याला शेतांत खुणाच उरत नाहींत. अर्जासोबत सातबारा लागतो. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं ओट्यावर यावें. कागद व लेखणी आमच्याकडे आहे.