लेकराची भीती आधी ओळखा

(कोपरी, ठाणे पूर्व येथे उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



आपल्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. शेजारी भांडे पडले तरी कळते. मग बाईला मारहाण होते तेव्हा आपण "त्यांच्या घरचा मामला" म्हणून दार का लावतो? त्या घरात दोन-तीन वर्षांचे लेकरू असते. ते कुठले दार लावणार?

मूल सांगत नाही, पण त्याचे वागणे सांगते. बापाची चाहूल लागताच लपणे, मोडलेली सवय पुन्हा जडून अंथरूण ओले करणे, आईचा पदर न सोडणे, ही भीतीची लक्षणे असू शकतात. ती प्रथम दिसतात शेजारणीला आणि अंगणवाडीच्या ताईंना. मदत तिथूनच सुरू झाली पाहिजे.

तथागतांनी सिगालाला पतीची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांत पत्नीचा सन्मान करणे आणि तिचा अवमान न करणे ही आरंभीचीच आहेत. विहारात पंचशील घ्यायचे आणि घरी हात उगारायचा, हा धम्म नव्हे. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून संकटातल्या आईला व बाळाला एकत्र आसरा दिला. तो वारसा आपला आहे.

आपण मात्र समाजाची बदनामी नको म्हणून बैठक घेतो, नवऱ्याला समज देतो आणि बाईला परत पाठवतो. हे थांबवा. आधी तिला एकटीला गाठून विचारा. तिच्या संमतीवाचून नवऱ्याकडे बोलू नका. मुलांचे जन्मदाखले सुरक्षित ठेवायला मदत करा.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण, राहत्या घराचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि जिवावर बेतले तर ११२ हे क्रमांक विहाराच्या फलकावर लिहा.

डोके फुटल्यावर इस्पितळात धावणे ही उशिराची मदत झाली. लेकरू पहिल्यांदा दचकते, तेव्हाच त्याच्या आईपर्यंत पोहोचा. मैत्रीभावनेचा अर्थ हाच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!