भंगारातला कंट्रोलर आणि किल्लीचा प्रश्न
(कामगार शिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या शॉपमध्ये हाताने चालवायचे एक जुने मिलिंग मशीन होते. कास्टिंग दणकट, गिअर बॉक्स ठणठणीत. पण उत्पादन कमी असा शेरा बसला आणि ते कंडम करायच्या यादीत गेले. त्याच यादीत एक सीएनसी मिलिंग मशीनही होते. त्याचा स्पिंडल गेलेला, स्लाइड झिजलेल्या, पण कंट्रोलरचे कपाट जिवंत. दोन्ही मशिने भंगारात गेली असती तर कीवे आणि स्लॉट पाडण्याचे काम ठेकेदाराकडे जाणार हे उघड होते, आणि कामाच्या मागोमाग जागाही जातात हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून आम्ही लेखी मागणी केली की एकाचा मेंदू दुसऱ्याच्या अंगात बसवू द्या. परवानगी मिळायला जितके दिवस लागले, तितके काम करायला लागले नाहीत!

टपालातले साथी म्हणतील, यात आमचे काय? मुंबईत १९९३ साली आणि चेन्नईत १९९६ साली टपाल छाननीची स्वयंचलित केंद्रे आली. यंत्र नवे असते तोवर कंपनीचा इंजिनियर धावत येतो. ते जुने झाले, सुटे भाग मिळेनासे झाले, की त्याच्या पोटात काय आहे हे कोणाला ठाऊक आहे, यावर सगळे ठरते. तेव्हा प्रश्न एकच आहे.

कंट्रोलर म्हणजे जादू नव्हे. त्या काळातला कंट्रोलर ड्राइव्हला उणे १० ते अधिक १० व्होल्टचा इशारा देतो. ड्राइव्ह मोटर फिरवतो, मोटरवरचा एन्कोडर किती फिरलो ते परत कळवतो, आणि सांगितलेली जागा व गाठलेली जागा यांतला फरक मिटेपर्यंत कंट्रोलर मोटर हलवत राहतो. आपला मशिनिस्ट डायलवर डोळा ठेवून हँडव्हीलने हेच करीत आला आहे. हिशेबही सोपा. स्क्रूची पिच ५ मिलिमीटर, एन्कोडरच्या एका फेऱ्यात २५०० पल्स, त्याचे चौपट मोजमाप म्हणजे १०,०००. एका मोजणीला अर्धा मायक्रॉन आला. हे गुणोत्तर पॅरामीटरमध्ये भरले की कंट्रोलरला नवे अंग ओळखीचे होते.

मात्र भंगारातला कोणताही कंट्रोलर चालत नाही. लेथच्या कंट्रोलरला बहुधा दोनच अक्ष असतात. मिलिंगला तीन लागतात. कपाट उघडल्यावर पहिली गोष्ट बॅटरी पाहायची. त्या पिढीच्या बहुतेक कंट्रोलरची पॅरामीटरे बॅटरीच्या जोरावर टिकतात. वीज बंद असताना बॅटरी काढली तर सगळी स्मृती पुसली जाते. म्हणून बॅटरी बदलायची ती कंट्रोलर चालू ठेवूनच. त्याआधी स्क्रीनवरची सर्व पॅरामीटरे वहीत उतरवायची. आमच्या दोघा साथींनी दोन पाळ्या बसून ती लिहून काढली, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने लिहायची. ती वही शॉपची खरी मिळकत आहे.

जुन्या स्क्रूला खेळ फार होता. कंट्रोलरमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय असते, पण त्यावर विसंबू नका. ती आकडा सुधारते, टेबल धरून ठेवत नाही. कटर जॉबला फीडच्या दिशेनेच ओढू लागला की ढिल्या स्क्रूवरचे टेबल झटका खाते, कटर तुटतो, आणि समोर उभा असतो तो आपला माणूस. बॉल स्क्रूला खर्च झाला, तो आम्ही मागून घेतला. पण बॉल स्क्रूचाही एक धोका आहे: तो इतका हलका फिरतो की वीज जाताच उभ्या अक्षाचे वजन आपोआप खाली येते. त्या मोटरला ब्रेक हवाच.

सुरक्षेत तडजोड नाही. इमर्जन्सी स्टॉपचे बटण कंट्रोलरला नुसते कळवणारे नको. त्याने ड्राइव्हचा वीजपुरवठा थेट कॉन्टॅक्टरवरून तोडला पाहिजे. लिमिट स्विच नेहमी बंद सर्किटचे घ्यावेत, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. पहिली चाचणी मोटर स्क्रूपासून सोडवून घ्यावी. एन्कोडरच्या तारा उलट लागल्या असतील तर कंट्रोलर फरक मिटवण्याऐवजी वाढवत जातो आणि मोटर पूर्ण वेगाने पळते. ती टेबलावर पळाली तर काय होईल, हे इथल्या फिटर साथींना सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. अशी यंत्रे प्रथम आली कुठून? अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या कामात होते. त्यांच्या कल्पनेवर, हवाई दलाच्या पैशाने, एमआयटी या संस्थेने १९५२ साली छिद्रांच्या फितीवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले. पण त्याच सुमाराची दुसरी पद्धतही होती. कुशल कारागिराने जॉब एकदा हाताने करायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदायच्या, आणि मशीनने त्या पुन्हा करायच्या. जनरल इलेक्ट्रिकने ती करूनही पाहिली. ती मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात मांडले आहे की निवड केवळ तांत्रिक नव्हती. पहिल्या पद्धतीत कामाचा ताबा शॉपमधून ऑफिसात जात होता, आणि व्यवस्थापनाला तेच हवे होते.

हे पुस्तकी वाटते ना? आमच्या कंट्रोलरच्या पॅनेलवर एक लहान किल्ली आहे. ती बंद केली की प्रोग्राम बदलता येत नाही. मशीन चालू झाले त्याच आठवड्यात विचारणा आली की किल्ली ऑफिसात जमा करावी, मशिनिस्टने फक्त जॉब बांधावा आणि बटण दाबावे. आम्ही विरोध केला, आणि कारणे शॉपमधलीच दिली. कास्टिंग कधी कडक निघते, कटर बोथट होतो. फीड कमी करायला ऑफिसचा माणूस येईपर्यंत जॉब वाया जातो. शिवाय कटरची लांबी-व्यास मशिनिस्टच भरतो, जी आणि एम कोड पंधरा दिवसांत शिकतो, आणि मिलिंगचे ज्ञान तर त्याचेच आहे.

चर्चेच्या तीन बैठका झाल्या. ठरले ते असे: किल्ली मशीनवरच राहील, मूळ प्रोग्रामची एक प्रत ऑफिसात राहील, आणि केलेला प्रत्येक बदल मशिनिस्ट रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहील. रजिस्टरची अट आम्ही आनंदाने मान्य केली. ग्रेडचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या मशिनिस्टला वरची श्रेणी द्यावी हे आमचे निवेदन गेलेले आहे, आणि त्याला आम्ही त्याच रजिस्टरची पाने पुरावा म्हणून जोडली आहेत.