काडतुसात कोणती दारू?

बंदुकीची दारू निवडायची कशी, हा काही घरोघरी पडणारा प्रश्न नाही. पण पिंपरी-चिंचवडच्या माणसाला तो अगदीच परका वाटू नये. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की खडकी येते आणि तिथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. निगडीच्या पुढे देहूरोडला दुसरा कारखाना आहे. सुतारवाडीला रॉकेटांत आणि तोफांत जळणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. आणि चाकणच्या कारखान्यांतून रोज ज्या मोटारी बाहेर पडतात, त्यांच्या स्टिअरिंगमधली एअरबॅग फुगवण्यासाठीसुद्धा क्षणार्धात जळून वायू देणारा पदार्थच बसवलेला असतो. म्हणजे आपण या दारूच्या शेजारातच राहतो. फक्त तिच्याशी ओळख नसते. आज ती ओळख करून देण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते नेमबाजीच्या सरावाच्या काडतुसाचे.

या खेळात मातीसारख्या ठिसूळ पदार्थाची तबकडी यंत्राने हवेत भिरकावली जाते आणि नेमबाज ती छऱ्यांच्या बंदुकीने फोडतो. ट्रॅप आणि स्कीट हे यातले ऑलिंपिकमधले प्रकार. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. बंदूक १२ बोरची. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे चालतात. २.४ मिलिमीटरचा छरा धरला, तर ते साधारण तीनशे भरतात. स्पर्धेच्या पात्रता फेरीत अशा १२५ तबकड्या असतात. सरावाला मोजदाद नाही. साहजिकच परदेशात, विशेषतः अमेरिकेत, सरावासाठी वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याचा उद्योग अनेक जण घरीच करतात. प्लॅस्टिकचे नळकांडे तेच, त्यात नवा प्रायमर, मोजून दारू, छरे धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्याला, छरे, आणि वरून तोंड दुमडून बंद. ऐकायला करंजी भरण्याइतके सोपे वाटते.

नेमबाजी शिकू लागलेली मुले मला विचारतात, ‘‘काका, सगळ्यात जोरदार दारू कोणती?’’ माझी सारी नोकरी या औद्योगिक पट्ट्यात दर्जा तपासणीच्या खात्यात झाली. त्यामुळे माझे उत्तर ठरलेले असते : जोरदार दारू शोधू नकोस. त्या बंदुकीला आणि त्या वजनाला योग्य अशा वेगाने जळणारी, आणि शंभराव्या काडतुसातही पहिल्यासारखीच जळणारी दारू शोध.

याचे कारण समजून घेऊ. नळीतल्या दारूचा ‘स्फोट’ होतो असे आपण बोलतो; खरे तर ती जळते. फार वेगाने, पण जळतेच, आणि तीही दाण्याच्या पृष्ठभागावरून आत. चुलीत ढलप्या घातल्या तर भडका उडतो आणि ओंडका घातला तर तो तासभर पुरतो. लाकूड एकच, फरक पृष्ठभागाचा. दारूचेही तसेच. कारखान्यात तिच्या पातळ चकत्या करतात, गोल दाणे करतात, बारीक कांड्या करतात. काही कांड्यांना आरपार भोक असते; बाहेरचा पृष्ठभाग जळून कमी होत जातो, तसा आतल्या भोकाचा वाढत जातो आणि वायू शेवटपर्यंत बऱ्यापैकी सारखा मिळतो. काही दाण्यांवर जळण्याला लगाम घालणारा लेप असतो. शिवाय आणखी एक स्वभाव : दाब वाढला की ही दारू अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. सगळी काळजी घ्यायची ती या दुष्टचक्राची.

आता बंदुकीकडे पाहू. १२ बोरच्या नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. छरे जरा पुढे सरकले की मागे वायूला भरपूर जागा होते आणि दाब पडू लागतो. म्हणून इथे चटकन जळून जाणारी दारू लागते. सैनिकाच्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीत उलट स्थिती. अरुंद नळी, तिच्यात घट्ट बसणारी गोळी. तिथे मंद जळणारी दारू हवी. छऱ्यांच्या बंदुकीच्या नेहमीच्या काडतुसासाठी युरोपातली कमाल दाबाची मर्यादा ७४० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सातशे पटींहून थोडी अधिक. रायफलीत हाच दाब चार हजार पटींच्या घरात जातो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन पट असतो, यावरून कल्पना यावी. रायफलीची मंद दारू छऱ्यांच्या काडतुसात धड जळणार नाही. छऱ्यांची जलद दारू रायफलीत भरली, तर बंदूक हातात फुटेल.

छऱ्यांच्या काडतुसातही पुन्हा प्रकार आहेत. चोवीस ग्रॅमच्या हलक्या वजनाला जलद दारू. छऱ्यांचे वजन वाढेल तशी मंद. हलक्या वजनामागे मंद दारू भरली, तर पुरेसा दाब तयार होत नाही. न जळलेले दाणे नळीत राहतात आणि प्रत्येक बाराचा वेग वेगळा येतो. जड वजनामागे जलद दारू भरली, तर दाब मर्यादा ओलांडतो. म्हणून दारू बनवणाऱ्या कंपन्या तक्ते छापतात : अमुक नळकांडे, अमुक प्रायमर, अमुक प्याला, इतके छरे, तर आमची दारू इतकी. यातली एक गोष्ट बदलली तरी तो आकडा आपला राहत नाही. ‘प्रायमर मिळाला नाही, दुसरा चालवून घेतला’ हे वर्कशॉपमधले शहाणपण इथे चालत नाही.

अपघातांच्या वाटाही ठरलेल्या आहेत. पहिली, काळी दारू आणि धूर न करणारी दारू यांची गल्लत. गंधक, कोळसा आणि सोरा यांची काळी दारू शेकडो वर्षे चालली. कोकणात पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीत ती आजही ठासतात. १८८४ मध्ये पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजची, धूर न करणारी दारू केली आणि बंदुकांचे सारे गणित बदलले. पण जुनी मापे मागे राहिली. अमेरिकन काडतुसांच्या खोक्यावर अजून ‘तीन ड्रॅम’ यासारखे शब्द दिसतात. त्याचा अर्थ, तितक्या काळ्या दारूइतका जोर. तीन ड्रॅम म्हणजे सव्वापाच ग्रॅम. आधुनिक दारू त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच लागते. कुणी ड्रॅम हेच वजन समजून नवी दारू मोजली, तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी वाट उलटी. दारू कमी पडली, किंवा पडलीच नाही. बार फुसका होतो आणि प्लॅस्टिकचा प्याला नळीत अडकून राहतो. नेमबाज वैतागून पुढचे काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी फाटते. म्हणून आवाज वेगळा आला की थांबायचे, बंदूक उघडायची, काडतुसे काढायची आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायचे.

तिसरी वाट घरातल्या वारशाची. वाड्यात आजोबांची जुनी बंदूक असते. तिची नळी काळ्या दारूच्या काळातली असू शकते, किंवा तिची कोठी ६५ मिलिमीटरच्या काडतुसाची असू शकते. ७० मिलिमीटरचे काडतूस दुमडलेले असताना तीत आरामात बसते. बार होताना तोंड उलगडते तेव्हा त्याला जागा उरत नाही आणि दाब चढतो. बसले म्हणजे चालले, असे नव्हे. बंदूक आधी जाणकार कारागिराला दाखवावी.

चौथी गोष्ट साठवणीची. ही दारू नाशवंत आहे. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होते, म्हणून तीत स्थिरता टिकवणारी द्रव्ये घालतात. उष्णतेने ती लवकर संपतात. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबर्ते’ या युद्धनौका स्फोटाने उद्ध्वस्त झाल्या आणि शेकडो माणसे गेली. संशय बिघडलेल्या दारूवरच होता. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय तापमान होते ते एमआयडीसीतल्या कामगाराला ठाऊक आहे. दारू थंड, कोरड्या जागी, तिच्या मूळ डब्यातच ठेवावी लागते. आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती वापरायची नाही.

हे सगळे मूठभर नेमबाजांपुरते आहे, असे वाटेल. तर एअरबॅगकडे पाहा. ताकाता या जपानी कंपनीने एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेटवर आधारलेला पदार्थ निवडला. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून त्याच्या गोळ्यांची रचना बिघडली. त्या ठरलेल्यापेक्षा वेगाने जळू लागल्या आणि धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे माणसांना लागले. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूने जीव घेतले. जगभरातून सुमारे दहा कोटी एअरबॅग परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. चूक जोर कमी पडण्याची नव्हती. जळण्याचा वेग कायम न राहण्याची होती.

मग आपल्याकडच्या नेमबाजाने काय करावे? कायदा स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. परवान्याशिवाय घरी काडतुसे भरणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. स्फोटकांचा कायदा १८८४ पासूनचा आहे आणि तो राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेव्हा आपल्याकडे दारूची निवड बहुधा तयार काडतुसाच्या निवडीतून होते. १२ बोरची काडतुसे खडकीतही बनतात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

काडतूस घेताना खोक्यावर चार गोष्टी पाहाव्यात : काडतुसाची लांबी, छऱ्यांचे वजन, छऱ्याचा आकार आणि लॉट क्रमांक. शक्य तर सरावाला एकाच लॉटची काडतुसे घ्यावीत. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून त्यावर बार टाकावा, तीस इंचांचे वर्तुळ काढून छरे मोजावेत; आणि हे एकदा नव्हे, पाच-सहा वेळा करावे. ज्या काडतुसाचे आकडे एकमेकांच्या जवळ राहतात ते आपले. खांद्याला बसणारा धक्का मोजून काडतुसाची लायकी ठरवू नये. उलट, जास्त धक्क्याने पन्नासाव्या बाराला डोळा आपोआप मिटू लागतो आणि तबकडी निसटते.

ती एक तबकडी किती महाग पडते, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. स्कीटच्या मिश्र जोडीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नारूका यांचे कांस्यपदक ४३ विरुद्ध ४४ असे, एकाच तबकडीने हुकले. इतक्या बारीक फरकाच्या खेळात नेमबाजाला निदान हातातल्या काडतुसाची शंका असता कामा नये. ते कालच्यासारखेच चालेल अशी खात्री देणारी दारू, हीच चांगली दारू.